उत्तरेकडचं पाखं

आमचं घर अंधारं आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही निसर्ग वादळ येऊन गेल्यावर. तोपर्यंत घर म्हणजे असंच असतं अशी माझी समजूत होती.

रेवदंड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, नारळी-पोफळींच्या वाडीत आमचं कौलारू घर आहे. पोफळी पार वळचणीपर्यंत आलेल्या होत्या. माजघरात भर दुपारी दिवा लावायचा आणि मे महिन्यातही जमिनीला पाठ टेकली की गार वाटायचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मी आयुष्यभर अलिबागच्या एका वाचनालयात नोकरी केली. पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत ते मला माहीत असे, घराचं फारसं काही नाही. गावात सगळे मला मास्तर म्हणतात. मी कधी कोणाला शिकवलं नाही, पण सुरुवातीला ते सांगायचं राहून गेलं आणि मग उशीर झाला.

वादळाने एका दुपारी वाडी आडवी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरात ऊन आलं. माझी बायको गोदू भिंतीवरच्या आरशासमोर थबकली आणि म्हणाली, "अहो, मी अशी दिसते?"

अशा वेळी मला लवकर सुचत नाही.

"बरी दिसते की," तीच म्हणाली, आणि झाडू घेऊन कामाला लागली.

उजेड आला तशी उन्हाची झळही आली. सावली गेल्यामुळे कौलं तापायची आणि दुपारी घरात बसवेना. आम्ही खिडक्या लावून घेतल्या, पश्चिमेला हिरवी जाळी बांधली, पडदे सोडले. घर पुन्हा अंधारं झालं, पण गार काही झालं नाही. गोदूने पावसाळ्यात पोफळीची नवी रोपं लावली आणि त्यांच्यामागे ती लेकरांच्या मागे असावी तशी असे. मी पुस्तकांना बुरशी लागू नये म्हणून ती पुसत बसे. अशी काही वर्षं गेली.

मग एका श्रावणात, दूध घेऊन माजघरातून स्वयंपाकघरात जाताना, गोदूला मधली पायरी दिसली नाही. पायरी तिच्या लग्नापासून तिथेच होती, पण डोळे आता तेव्हाचे नव्हते. तिचं मनगट मोडलं.

सुश्रुत, आमचा मुलगा, खारघरहून त्याच दिवशी आला. तो इंजिनियर आहे, बोलायला शांत, पण एकदा मनात आलं की सोडत नाही. आईचा हात प्लास्टरमध्ये बघून तो म्हणाला, "आता पुरे. तुमच्यासाठी खोली ठेवलीच आहे. हात बरा झाला की दोघं या."

"माझ्या पोफळींना सुपाऱ्या धरायच्यात अजून," गोदू म्हणाली.

"आई, पोफळींना पाणी घालायला माणूस ठेवू."

"पाणी घालेल. बोलेल कोण त्यांच्याशी?"

सुश्रुतची बायको प्रणाली हसली. सुश्रुत हसला नाही. तो माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही सांगा. हे घर राहण्यासारखं आहे का? इथे उजेड हवा तर उकडतं, आणि सावली हवी तर आई पडते."

खरं तर माझंही म्हणणं त्याच्याहून फार वेगळं नव्हतं. पण मी गोदूकडे पाहिलं. ती डाव्या हाताने पदराचं टोक गुंडाळत होती आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हती. माझ्या तोंडून निघालं, "घर सुधारता येईल."

"कोण सुधारणार?"

"मी," असं मी म्हणालो असं गोदू सांगते. मला नक्की आठवत नाही.

सुश्रुतने आईच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. मे महिन्यात आम्ही येऊन राहतो. भर दुपारी घरात एसीशिवाय बसवलं, आणि आईला पाय कुठे पडतोय ते दिवा न लावता दिसलं, तर मी हा विषय परत काढणार नाही. नाही जमलं, तर पावसाच्या आधी तुम्ही खारघरला."

गोदू म्हणाली, "चालेल." मला कोणी विचारलं नाही, आणि ते एका अर्थी बरंच झालं.

मी वाचायला लागलो. दुसरं काही मला येत नाही. घरातला उजेड, वारा, भिंती, छपरं यांवर जे मिळेल ते मी वाचलं. त्यात जुन्या वाचनालयातून रद्दीत निघालेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, कुठल्याशा थंड देशातल्या वास्तुतज्ज्ञाचं. त्यात एक पूर्ण प्रकरण उत्तरेच्या प्रकाशावर होतं. चित्रकार आपल्या खोलीची खिडकी मुद्दाम उत्तरेला ठेवतात, कारण उत्तरेकडून उजेड येतो, ऊन येत नाही. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं. आम्हाला नेमकं हेच हवं होतं.

दिवाळीनंतर काम काढलं. बुधाजी गवंडी नागावकडचा. माझ्यापेक्षा थोडा लहान, आणि मनात येईल ते लगेच बोलणारा. मी काढलेला नकाशा त्याने दोन्ही हातांत धरून उन्हात पाहिला.

"चुकलंय का काही?" मी विचारलं.

"चुकलंय कुठं म्हनतो मी? खोडरबर किती झिजवलाय ते बघतोय."

काम तसं साधं होतं. माजघर आणि मागची पडवी यांमधली भिंत काढायची, पडवी थोडी मागे वाढवायची आणि सगळी मिळून एक मोठी खोली करायची, स्वयंपाकाचा ओटा तिच्याच एका टोकाला. जमीन एका पातळीत, म्हणजे पायरीचा प्रश्नच नाही. आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं लाकूड, हातभर वर उचलून त्याच्याखाली जाळीची फट ठेवायची, म्हणजे आतली गरम हवा वरून निघून जाईल. कौलांखाली लाकडी फळ्या. आणि छपराच्या उत्तरेकडच्या उतरत्या पाख्यावर, आढ्याच्या लगेच खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेच्या कौलांच्या दोन ओळी, तेवढ्या भागात फळ्या न घालता.

बुधाजी इथे अडला. "मास्तर, काचेचं कौल चुलीवर टाकतात, एखादं. तुमी दोन वळी टाकताय. घर हाय का नर्सरी?"

मी त्याला उत्तरेच्या प्रकाशाबद्दल सांगितलं. समजावून सांगताना माझा आवाज थोडा वाढला असावा, कारण आतून गोदू बघायला आली.

"उजेड येतो, ऊन येत न्हाय?" बुधाजी म्हणाला.

"असं लिहिलंय."

तो छपराकडे बघत राहिला. "झकास हाय की हे. माझ्याबी घरावर टाकतो मग. सून सारखी म्हनत असते, घरात दिसत न्हाय."

मला फार बरं वाटलं. माझं वाचलेलं कोणी करून बघितलं असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तरी संध्याकाळी मनात शंका आलीच, म्हणून पंख्यांसाठी आणि पंपासाठी सौर पॅनलची जागा बघायला आलेल्या तंत्रज्ञाला मी आडून विचारलं, ऊन कुठल्या बाजूने येतं. "दक्षिणेकडून, काका. म्हणून तर पॅनल तिकडच्या पाख्यावर," तो म्हणाला. मी निर्धास्त झालो.

जेवताना गोदूने विचारलं, "तो पुस्तकवाला राहतो कुठे?"

"स्कॉटलंडकडे कुठेतरी."

"तिकडे आमसुलं वाळत घालतात का हो?"

"नसावीत. का?"

"सहज. ऊन नसेल तर बिचाऱ्यांचं कसं होत असेल."

आम्ही दोघंही हसलो.

पौषात घर तयार झालं. नव्या खोलीतला तो उजेड मला नीट वर्णन करून सांगता येणार नाही. ताकासारखा पांढरा, मऊ, कुठेही ठिपका नाही, सावलीची कडा नाही. गोदूने पहिल्याच दिवशी माझी मदत न घेता सुईत दोरा ओवला आणि तो मला आणून दाखवला. मग तांदूळ निवडले, मग मागच्या वर्षी निवडून डब्यांत भरलेले काढून ते परत निवडले, कारण त्यात तिला खडे दिसायला लागले. आणि मग, एका दुपारी, तिने माझ्या कपाटातून एक कादंबरी काढली. पूर्वी मी तिला वाचून दाखवत असे. आता ती स्वतः वाचू लागली आणि मला कळलं की वाचून दाखवताना मी जी पानं गाळायचो ती तिला सगळ्यात जास्त आवडत होती.

"हे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं," ती म्हणे.

"कंटाळवाणं वाटलं मला."

"तुम्हाला वाटलं."

ते महिने फार सुखाचे गेले.

शिमग्याच्या सुमारास एका दुपारी मला जमिनीवर, भिंतीच्या अगदी पायथ्याशी, उन्हाची एक बारीक रेघ दिसली. मी वर पाहिलं, काचेकडे. एखादं कौल सरकलं असेल असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रेघ बोटभर रुंद होती. आठवड्याने ती पट्टी झाली, तिच्याशेजारी दुसरी आली, आणि त्या दोन्ही भिंतीपासून निघून खोलीच्या मध्याकडे येऊ लागल्या.

मी पुस्तक काढून ते प्रकरण पुन्हा वाचलं. चूक पुस्तकाची नव्हती. त्या माणसाच्या देशात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, वर्षभर दक्षिणेकडेच कललेला असतो. आमच्याकडे थंडीत तसाच असतो, आणि आम्ही घर थंडीत बांधलं. उचललेल्या आढ्याची सावली तेव्हा काचांवर पडत होती म्हणून तो मऊ उजेड होता. पण आमच्याकडे मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मग आणखी थोडा उत्तरेला सरकतो. भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते त्या दिवसाची बातमी वर्तमानपत्रात दरवर्षी येते. मी ती दरवर्षी वाचतो. मागच्या वर्षीचं तर कात्रण काढून ठेवलं होतं. तरीही त्या बातमीतला सूर्य आणि माझ्या छपरावरचा सूर्य एकच आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी गोदूला काही बोललो नाही. तिचं सगळं या घरावर अवलंबून होतं आणि तिला मी काय सांगणार होतो? चैत्र संपता संपता दुपारी खोलीत दोन पांढरे पट्टे जळत पडलेले असत. आमचं मांजर तिथून उठून ओटीवर जाई. गोदूचा बसायचा पाट खिडकीपाशी असायचा. एके दिवशी तो हातभर डावीकडे दिसला. दोन दिवसांनी आणखी डावीकडे. मग कपाटापाशी. ती एक शब्द बोलली नाही, फक्त पदराने मान पुसून पुस्तकाचं पान उलटत होती. उजेड टाळता टाळता ती पुन्हा जवळजवळ अंधारात जाऊन बसली होती.

सुश्रुतचा फोन आला. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी दोघं येणार होते.

मी चालत बुधाजीच्या घरी गेलो. तो अंगणात आंब्याखाली खाट टाकून पडला होता.

"घरात का नाही झोपत?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर कळलं.

"सून म्हनते, बाबा, ही दोन कौलं मी काठीनं फोडीन." मग माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "जाऊ द्या हो मास्तर. चार महिने झ्याक उजेड दिला की. काढून टाकू काचा. साधी कौलं बसवू."

"मग अंधार होईल."

"व्हईल."

"पावसाळ्यात तर फारच."

"मास्तर, सगळंच कसं मिळंल?"

मी परत आलो. काचांना रंग लावावा तर तो पावसाळ्यातही तसाच राहणार. आतून पडदा लावावा तर ऊन आत आलेलंच असणार. गोणपाट टाकावं तर वाऱ्याने उडणार. प्रत्येक उपायात मला लगेच खोट दिसत होती. ही माझी जुनी सवय आहे. पण या वेळी खोट खरीच होती.

शनिवार जवळ आला होता तेव्हा ठमी आली. ठमी ठाकूरवाडीवरची. दरवर्षी पावसाच्या आधी ती वादळातून वाचलेल्या आमच्या माडांच्या पडलेल्या झावळ्या विणून झाप करते, थोडे स्वतः नेते, आणि थोडे आमच्या पश्चिमेच्या भिंतीला बांधून देते, म्हणजे पावसाची झड भिंतीवर येत नाही. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करते, मलाही. विणलेले झाप अंगणात रचून ती भिंतीपुढे उभी राहिली.

"मास्तर, भिंत नवी केलीस. यंदा झाप लावायचे का न्हाय?"

"लावायचे की."

"मग आताच बांधून टाकू? का पाऊस येईस्तोवर इथंच ठेवू उन्हात?"

मी झापांच्या थप्पीकडे पाहिलं. वरच्या झापावर ऊन होतं आणि खाली जमिनीवर, विणीतून उतरलेले, उजेडाचे बारीक बारीक दाणे पडले होते. मांजर नेमकं तिथेच जाऊन झोपलं होतं.

पावसाआधी हे झाप रिकामेच पडून असतात. पाऊस आला की भिंतीवर जातात. आणि छपराला सावली हवी ती नेमकी पावसाआधी, तर पाऊस आला की हवा उजेड.

हे इतकं सोपं होतं की मला खात्रीच वाटेना. यात काहीतरी चुकत असणार. मी आत गेलो, पुस्तक उघडलं, मिटलं. मग पहिल्यांदाच, कपाटाजवळ पाटावर बसलेल्या गोदूसमोर जाऊन उभा राहिलो.

"ऊन येतंय," मी म्हणालो.

तिने चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला दिसलं?"

"शिमग्यापासून दिसतंय."

"मला वाटलं तुम्हाला दिसत नाहीये. म्हणून मी बोलले नाही."

"मला वाटलं तुला त्रास होत नाहीये. म्हणून मी बोललो नाही."

"अहो, पाट फिरवून फिरवून माझी कंबर गेली!" ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही इतके हसलो की ठमी दारात येऊन उभी राहिली. मी त्यांना झापांचं सांगितलं. मध्येच दोनदा म्हणालो की कदाचित जमणारही नाही.

गोदू उठली. "बुधाजीला फोन करा. आधी लावू, मग शंका घ्या."

बुधाजी दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. काचांपासून वीतभर उंचीवर बांबू बांधले, म्हणजे मधून वारा खेळेल, आणि त्यांवर झाप सुंभाने आवळून टाकले. ठमी खालून एकेक झाप वर देत होती.

"मास्तर घराला टोपी घालतोय," ती गोदूला म्हणाली.

"घालू दे. स्वतः कधी घालत नाहीत."

"थोडी फट ठेव," मी खालून बुधाजीला म्हणालो. मी कोणाला काम सांगत नाही सहसा, त्यामुळे तोही चमकला. "अगदी घट्ट नको."

दुपारी आम्ही चौघं नव्या खोलीत जाऊन उभे राहिलो. पट्टे गेले होते. त्यांच्या जागी जमिनीवर, भिंतीवर, ओट्यावरच्या पातेल्यांवर बारीक उजेडाचे दाणे हलत होते. वरच्या फटीतून गरम हवा निघत होती आणि पडवीच्या दारातून वाऱ्याची झुळूक येत होती. पौषातला तो दुधट उजेड नव्हता, पण वाचता येईल इतका होता. गोदूने पाट उचलला आणि परत खिडकीपाशी नेऊन ठेवला.

बुधाजी बराच वेळ वर बघत होता. मग म्हणाला, "ठमे, माझ्याकडं कधी येतेस?"

शनिवारी सुश्रुत आणि प्रणाली दहाच्या सुमारास आले. मी ओटीवर पुस्तक उघडून बसलो आणि एकही ओळ वाचली नाही. आत सुश्रुत भिंतीला हात लावून बघत होता, खिडक्या उघडून बघत होता. गोदू मुद्दाम भरलेली कळशी घेऊन या टोकापासून त्या टोकाला दोनदा गेली. दुसऱ्यांदा प्रणाली म्हणाली, "आई, पाणी कुठे न्यायचंय नक्की?"

"कुठे नाही. चालतेय."

जेवायला फणसाची भाजी आणि सोलकढी होती. जेवून सुश्रुत तिथेच जमिनीवर आडवा झाला, छपराकडे बघत. मी दारातून पाहत होतो. थोड्या वेळाने प्रणाली ओटीवर आली.

"बाबा, तुमचे परीक्षक घोरतायत."

चार वाजता तो उठला, शिडी लावून छपरावर चढला आणि झाप हलवून पाहिले. खाली येऊन त्याने विचारलं, "हे कोणी सुचवलं?"

माझं मन आधी ठमीचं नाव घ्यायला धावलं, मग बुधाजीचं. "मला सुचलं," मी म्हणालो. "आधी काचा चुकल्या होत्या. म्हणजे काचा नाही, दिशा."

"पावसात?"

"काढायचे. तेच भिंतीला बांधायचे."

"मग पावसात पुरेसा उजेड येईल?"

"येईल असं वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"मागच्या पावसात काचा नव्हत्या ना."

तो "हं" म्हणाला. संध्याकाळी गोदूने त्याला वाडीत नेऊन प्रत्येक पोफळीपाशी उभं केलं. रविवारी जेवून दोघं निघाले. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होतो.

"काही बोलला का?" मी गोदूला विचारलं.

"फणस घेऊन गेला."

"फणसाबद्दल नाही विचारत मी."

"कळतं मला. काही बोलला नाही."

पास झालो की नापास, हे सांगितल्याशिवाय पेपर परत नेणाऱ्या मास्तरसारखा तो गेला. मी पुढचे कित्येक दिवस फोन वाजला की दचकायचो. गोदू मात्र काही झालंच नाही अशी वागत होती, पण मी तिला एकदा ट्रंक उघडून त्यातल्या नव्या साड्या वरखाली करताना पाहिलं. निघायचं झालं तर काय न्यायचं, हे ती बघत असावी. मी काही विचारलं नाही. मग मला पाट आठवला आणि मी विचारलं.

"बघून ठेवतेय," ती म्हणाली. "उगाच."

"घाबरलीस?"

"थोडी. तुम्ही?"

"मी तर नेहमीचाच."

मृगाच्या आधी बुधाजीने झाप उतरवले आणि ठमीने ते पश्चिमेच्या भिंतीला बांधले. मग आकाश भरून आलं ते तसंच राहिलं. आषाढातली आमच्याकडची दुपार म्हणजे संध्याकाळच. पूर्वी त्या दिवसांत माजघरात सकाळपासून दिवा असे.

त्या दिवशी बाहेर इतकं काळं झालं होतं की समोरच्या आळीत सगळ्यांनी दिवे लावले होते. आमच्या खोलीत वरून तो पौषातला उजेड उतरत होता, थोडा राखाडी, पण तसाच मऊ. काचांवर पाणी वाहत होतं म्हणून तो किंचित हलत होता. गोदू खिडकीपाशी पाटावर बसून माझ्या कपाटातलं एक जाडजूड प्रवासवर्णन वाचत होती. दिव्याचं बटण सकाळपासून कोणी दाबलं नव्हतं.

फोन वाजला. प्रणालीचा होता. गोदूने पुस्तकात बोट ठेवून तो कानाला लावला.

"हो, वाचतेय... नाही गं, दिव्याशिवाय... हो, दिसतं की. अक्षर न् अक्षर." मग बराच वेळ ती ऐकत होती. मग म्हणाली, "अगं, विचारायचं काय त्यात? केव्हाच टाकायला हवं होतंस." आणि फोन ठेवून ती पुन्हा वाचायला लागली.

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"टेबल टाकतेय म्हणाली. तिचं ऑफिसचं काम आता घरूनच असतं."

"कुठे टाकतेय?"

"आपल्या खोलीत. म्हणजे खारघरला आपल्यासाठी ठेवली होती त्या. सुश्रुतनेच सांगितलं तिला, आईला विचार म्हणून."

मला अर्थ लागायला जरा वेळ लागला. लागल्यावर मी उठलो. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, निदान तिच्या खांद्यावर हात ठेवावा. मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो. दारातून वाडी दिसत होती. पावसात पोफळी डोलत होत्या, अजून न धरलेल्या.

गोदूने चष्म्यावरून वर पाहिलं. तिला सगळं कळलं होतं असं मला वाटतं. निदान तिचे डोळे हसत होते.

"अहो," ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा. उजेड अडवताय."